डांबराच्या पलीकडचा रस्ता: मोऱ्या, गटारं, फलक, कठडे यांची नोंद आणि निगा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी)

खडीमुरूम

नमस्कार मंडळी. आपल्या भागात रस्त्याचा विषय निघाला की बोलणं खड्ड्यांवर जातं आणि तिथंच संपतं. हा धागा डांबर सोडून रस्त्यावर जे जे असतं त्यासाठी काढलाय. मोऱ्या (रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारे पाईप किंवा स्लॅबच्या वाटा), बाजूची गटारं, साईडपट्ट्या (डांबराच्या कडेच्या मुरुमाच्या पट्ट्या), सूचना फलक, पांढरे पट्टे, कॅट आय (रस्त्यात बसवलेले चमकणारे परावर्तक), क्रॅश बॅरियर (कडेला गाडी अडवणारी लोखंडी पट्टी), पुलांचे कठडे, किलोमीटरचे दगड. राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते एवढंच धरूया. राष्ट्रीय महामार्गाचा कारभार वेगळा.

मुद्दा एकच आहे. डांबर उखडलं की दुसऱ्या दिवशी ओरड होते. मोरीचं तोंड बुजायला लागलं तर चार पावसाळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पाचव्याला रस्ता तुटतो. मग एस्टिमेट होतं ते रस्त्याचं. वर नवा थर पडतो, खाली मोरी तशीच. असं होतं कारण ती मोरी कुठल्याच वहीत नसते: कधी बांधली, कितीचा पाईप, शेवटचा गाळ कधी काढला, काहीच लिहिलेलं नसतं. जी वस्तू वहीत नाही तिला बजेट मिळत नाही.

प्रत्येक वस्तूचं आयुष्य वेगळं असतं. साधारण अंदाज असा धरा. साध्या रंगाचा पट्टा वर्षभरही टिकत नाही. थर्मोप्लास्टिक (तापवून टाकायच्या जाड मालाचा) पट्टा वाहतुकीप्रमाणे दोन-तीन वर्षं. कॅट आय दोन-तीन वर्षं. चांगल्या प्रिझमॅटिक (प्रकाश परत फेकणाऱ्या) शीटचा फलक दहा वर्षं. जस्त चढवलेलं क्रॅश बॅरियर समुद्रापासून लांब असेल तर पंधरा-वीस वर्षं आरामात. नीट बसवलेला आरसीसी ह्यूम पाईप (सळईच्या काँक्रीटचा गोल पाईप) पन्नास वर्षं. साईडपट्टी आणि गटार मात्र दर पावसाळ्यानंतर नव्यानं बघायची गोष्ट. म्हणजे पन्नास वर्षांच्या पाईपाचा जीव एका वर्षाच्या गटारावर अवलंबून. सगळ्यांना एकाच 'वार्षिक दुरुस्ती'च्या मापात कोंबलं की जे दिसतं तेवढंच होतं: कठड्याला चुना आणि झाडाच्या बुंध्याला पट्टा.

आपल्याकडे तीन प्रकारची जमीन एकाच जिल्ह्यात आहे, हेही लक्षात घ्यावं लागतं. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा भागात जांभा आणि प्रचंड पाऊस. पूर्वेला काळी माती. उत्तरेला वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेचा काठ, तिथं पूर. एकाच नमुन्याचं एस्टिमेट तिन्हीकडे चालत नाही. ज्याला ज्यातलं ठाऊक आहे त्यानं सविस्तर लिहावं ही विनंती.

मोरीमास्तर

चांगला धागा. मोरीपासून सुरुवात करतो, कारण दुय्यम समजल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये रस्ता तोडण्याची ताकद हिच्यातच सगळ्यात जास्त. (सहा मीटरपर्यंत लांबी असेल तर मोरी, त्याच्या वर गेली की छोटा पूल. वहीत दोन्ही वेगळे ठेवा, तपासणीची पद्धत वेगळी आहे.)

मोरी बघायची ती खालच्या अंगानं, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिकडून. बहुतेक लोक वरच्या तोंडाशी उभं राहून गाळ बघतात आणि पुढं जातात. मोरी मरते ती खालच्या तोंडाशी. क्रम असा असतो: पाईपातून पाणी वेगानं सुटतं, पुढची माती खणतं, खड्डा मागं सरकत एप्रनच्या (तोंडापुढच्या फरशीच्या) खाली येतो. एप्रन अधांतरी राहतो, तुटतो. मग पडदी (एप्रनच्या कडेची जमिनीत गाडलेली भिंत) उघडी पडते, हेडवॉल (पाईपाच्या तोंडाची भिंत) पुढं कलते. हेडवॉल कलली की शेवटचा पाईप तिच्याबरोबर दोन-तीन बोटं सरकतो आणि सांधा उघडतो. त्या फटीतून भरावाची माती पाईपात गळायला लागते. पाणी ती धुऊन नेतं, म्हणून पाईप स्वच्छ दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं मोरी ठणठणीत आहे.

वर रस्त्यावर याची खूण दिसते. मोरीच्या बरोबर वर आडवी, हातभर रुंद खोलगट पट्टी पडते. गाडी तिथं हलकी आपटते. तिच्यात डांबर भरलं की पुढच्या वर्षी परत तेवढीच खोल. दोनदा भरूनही खचत असेल तर तिसऱ्यांदा डांबर आणू नका, खाली उतरा. पाईपात बॅटरी मारा, प्रत्येक सांध्याला गोल फिरवून बघा. ताज्या ओल्या मातीचा ओघळ, मुळं, किंवा सांध्याखाली मातीचा छोटा शंकू दिसला की निदान झालं.

दुरुस्तीचा क्रम. जानेवारी ते एप्रिल, ओढा आटल्यावर. आधी खालचा खड्डा दगड आणि काँक्रीटनं भरून पडदी नव्यानं, खालच्या अंगाची पडदी वरच्यापेक्षा खोल. मग हेडवॉल. मग सांधे, आतून १:२ सिमेंट मसाल्यानं. पाईप सरकलेलाच असेल तर उघडून परत बसवण्याला पर्याय नाही. पाईप अडीच मीटरचा येतो, साडेसात मीटरच्या रस्त्याला तीन पाईप, म्हणजे सांधे दोनच. त्या दोन सांध्यांवर सगळं अवलंबून असतं.

परत बसवताना तीन ठिकाणी चुका होतात. पहिली, पाईपाखाली मुरुमाचं नीट बेडिंग न करता दगडावर टेकवणं. भार एका बिंदूवर येतो आणि पाईपाला लांबीनं चीर जाते. दुसरी, वरचा भराव ६०० मि.मी.पेक्षा कमी ठेवणं. जागाच नसेल तर पाईपाभोवती काँक्रीटचं आवरण करा, नुसता पाईप ठेवू नका. तिसरी, भराव एका बाजूनं ढकलणं. दोन्ही बाजूंनी सारखा, १५० मि.मी.च्या थरानं, पाणी मारून धुम्मस करायचा. पाईप एनपी३ की एनपी४ (हे ताकदीचे वर्ग) हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, बसवण्याआधी फोटो काढून वहीत लावा. नंतर ते कुणी सांगू शकत नाही.

गाळाचं एक गणित. पाईपाच्या उंचीचा तिसरा हिस्सा गाळानं भरला तर पाणी जायची जागा साधारण २९ टक्क्यांनी कमी होते. अर्धा भरला तर निम्मी. म्हणून तिसरा हिस्सा ही रेघ धरा. तिच्या वर गाळ गेला की त्याच हंगामात काढायचा. आणि ९०० मि.मी.पेक्षा लहान पाईप नव्या कामात घालू देऊ नका. हिशेबात पाणी जातं म्हणून ६०० चा सुचवतात, पण त्यात माणूस शिरत नाही, आणि माणूस शिरत नाही ती मोरी साफ होत नाही.

पंचायत_खानापूर

मास्तर, फार उपयोगी माहिती. एक शंका. आमच्याकडं जुन्या मोऱ्यांच्या हेडवॉल जांभ्याच्या आहेत. त्या काढून काँक्रीटच्या कराव्यात असं सुचवलं जातंय. खरंच गरज आहे का? आणि रोप लावणीच्या वेळी शेतकरी मोरीच्या तोंडाला पोती लावून पाणी अडवतात, त्याला काय उपाय?

जांबोटीकर

जांभा वाईट नव्हं. खाणीतनं काढल्यावर वारा-ऊन लागून तो घट्ट होतो, म्हणून तर आमच्याकडची घरं टिकल्यात. पण त्याच्या अंगाला भोकं असतात, आणि वाहत्या पाण्यात सांध्यातला मसाला निघाला की एकेक चिरा सुटतो. म्हणून सरसकट पाडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. चिरे जागेवर आहेत, भिंत ओळंब्यात आहे, तर सांधे इंचभर खरडून १:३ मसाल्यानं भरून घ्या आणि पाण्याला लागणाऱ्या खालच्या दोन-तीन थरांपुढं काँक्रीटची पडदी द्या. भिंत कललीय किंवा पोट काढलंय, तर मात्र पाडाच. आणि नवी बांधताना वीप होल, म्हणजे भिंतीमागचं पाणी बाहेर पडायची भोकं, विसरू नका. आमच्याकडं भरावात पाणी साठतं ते भिंतीला ढकलतं, वाहणारं पाणी नंतर येतं.

पोत्यांचं म्हणाल तर शेतकऱ्याला पाणी पाहिजे असतं, त्यात त्याची चूक नाही. मोरीच्या वरच्या अंगाला, तोंडापासून पाच-सहा मीटर लांब, खाचेची छोटी भिंत करून द्या. फळी घालून त्यानं तिथं पाणी अडवावं आणि जोराचा पाऊस आला की फळी उचलावी. तोंडाला पोतं लावलं की ते पाईपात ओढलं जातं आणि मधल्या सांध्याला अडकतं, तिथं मग हात पोचत नाही.

आता आमच्या बाजूची खरी अडचण सांगतो. मोऱ्या पुरेशा आहेत, पण मोरीपर्यंत पाणी यायला पाहिजे ते गटारच नाही. डोंगर कापून केलेल्या रस्त्याला वरच्या अंगाला माथ्यावर चर लागतो, कॅचवॉटर म्हणतात तो. तो कापाच्या कडेपासून सुरक्षित अंतर सोडून काढायचा, कडेला चिकटून काढला तर त्याच पाण्यानं कडा ढासळते. जांभ्याचा उभा काप कोरडा असला की वर्षानुवर्षं उभा राहतो. खालची मऊ चिकणमाती भिजली की पूर्ण चिराच्या चिरा खाली येतो, आणि तो पडतो तो गटारात. गटार बंद, पाणी रस्त्यावर, पुढच्या मोरीला कोरड. दोन दिवसांत साईडपट्टी गेली.

गटाराला उतार २०० ला १ तरी पाहिजे. त्याच्यापेक्षा सपाट असलं की माती बसते. उलट फार उतार असला की तळ खणला जातो, तिथं दगडाच्या पायऱ्या किंवा अस्तर द्या. आणि जंगलातनं जाणाऱ्या रस्त्याला गटार साफ करताना जेसीबीचा बकेट कापाच्या पायथ्याला लावू देऊ नका. दरवर्षी वीतभर पायथा खरडला जातो आणि चार वर्षांनी काप खाली येतो. तिथं माणसं लावा, टिकाव-फावडं.

पांढरीपट्टी

फलक आणि पट्टे मी घेतो.

फलक दिवसा तपासू नका. दिवसा सगळेच फलक चांगले दिसतात. अंधार पडल्यावर साधारण ५० मीटरवर उभं राहा, बॅटरी डोळ्याच्या लगत, कानशिलाजवळ धरा आणि फलकावर मारा. हात खाली घेऊन बॅटरी धरली तर परावर्तन डोळ्याकडे येत नाही आणि चांगला फलक मेलेला वाटतो. त्याच शीटचा नवा तुकडा शेजारी लावून बघितला तर फरक लगेच कळतो. लाल कडा आधी फिकी होते. त्रिकोण पांढरा आणि कडा गुलाबी दिसायला लागली की इशारा देण्याचं त्याचं काम संपलं, पत्रा कितीही चांगला असो.

फलक अकाली जातात त्याची कारणं ठरलेली. शुभेच्छांची पोस्टर्स चिकटवतात आणि मग ती पात्यानं किंवा थिनरनं काढतात. थिनर लागलं की शीटचा वरचा थर पांढुरका होतो, परत येत नाही. साधा साबण, पाणी, मऊ फडकं, बस्स. दुसरं, मागचे नटबोल्ट साधे असतात, पत्रा चोरीला जातो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भंगारात किंमत येते, कंपोझिट पॅनेलला फारशी येत नाही, म्हणून गावरस्त्यावर कंपोझिटच घ्या आणि बोल्टचं डोकं मोडून टाकणारे किंवा वेल्ड केलेले नट वापरा. तिसरं, उंची. गावाबाहेर फलकाची खालची कड रस्त्याच्या मध्यापेक्षा किमान दीड मीटर वर हवी. चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात ऊस फलकापेक्षा उंच जातो, त्यामुळे जूनमध्ये छान दिसणारा वळणाचा फलक ऑक्टोबरात उसात गडप होतो. तिथं उंच खांब घ्या किंवा दोन्ही बाजूंना फलक लावा. तपासणीही ऊस उभा असतानाच करा.

काळ्या मातीत खांब कलतात ते वाऱ्यानं नव्हे. माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि उथळ काँक्रीट गोळा वर ढकलला जातो. खड्डा भेगांच्या खोलीच्या खाली न्या, भोवती काढलेली काळी माती परत घालू नका, मुरूम भरा.

आता पट्टे. थर्मोप्लास्टिकचा थर २.५ मि.मी. असतो. घनता साधारण २ धरली तर एका चौरस मीटरला ५ किलो माल लागतो. १०० मि.मी. रुंदीची सलग रेघ १०० मीटर मारली तर १० चौरस मीटर, म्हणजे ५० किलो, म्हणजे २५ किलोच्या दोन पिशव्या. वरून शिंपडायचे काचमणी चौरस मीटरला २५० ग्रॅम, त्या १०० मीटरला अडीच किलो. कामावर उभं राहणाऱ्या कुणालाही रिकाम्या पिशव्या मोजता येतात. ४०० मीटरला पाचच पिशव्या लागल्या असतील तर थर दीड मि.मी.च्या आसपास पडलाय, दुसरं मोजमाप लागत नाही. माल १८० ते २०० अंशांवर तापवायचा. जास्त तापला तर पिवळट पडतो आणि मणी तळाला बुडतात, कमी तापला तर मणी चिकटतच नाहीत. दोन्हीकडे दिवसा रेघ पांढरी, रात्री काळी.

आणि पावणेचार मीटरच्या एकपदरी रस्त्यावर मधली रेघ मारायची नसते. फक्त कडेच्या रेघा. मधली मारली की समोरासमोरच्या गाड्या रेघेच्या भरवशावर राहतात आणि बाहेरचं चाक साईडपट्टीवर जातं.

खडीमुरूम

पट्टीसाहेब, केजव्हीलचं राहिलं. बेळगाव-खानापूर भागात चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट डांबरावरून जातात. पट्टे आणि कॅट आय दोन्ही एका हंगामात जातात. अशा पट्ट्यात काय सुचवाल?

पांढरीपट्टी

तिथं कॅट आयवर पैसे घालू नका, वळणांवर खांबाचे डेलिनिएटर (कड दाखवणारे, परावर्तक लावलेले खांब) लावा. पट्ट्यांचं काम नोव्हेंबरनंतर, चिखलणी आणि पाऊस दोन्ही सरल्यावर. रस्ता पूर्ण कोरडा पाहिजे, सकाळचं दव सुटेपर्यंत थांबायचं. काँक्रीटवर किंवा जुन्या घासलेल्या डांबरावर आधी प्रायमर. चाकांसाठी पंचायतीनं शेताच्या वाटेला उतरायला मुरुमाचे रॅम्प करून दिले तर डांबरावरचं अंतर बरंच कमी होतं.

वेदगंगाकाठ

निपाणी-चिक्कोडीकडचं लिहितो. आमच्याकडं भोज-कारदगा, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर असे पूल किंवा बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात. ते बुडतात हा दोष नाही, तसेच बांधलेत. पण बुडणाऱ्या पुलावरच्या वस्तू वेगळ्या पद्धतीनं सांभाळाव्या लागतात.

पावसाआधी, मे अखेर: कठड्याचे पाईप काढता येणारे असतील तर काढून नंबर टाकून ठेवा. तसेच ठेवले तर पाला, ऊसाचं पाचट, ओंडके त्यात अडकतात, कठडा बांधासारखं पाणी अडवतो आणि खांबासकट जातो. मार्गदर्शक खांब मात्र ठेवायचे, दोन्ही कडांना, लाल-पांढरे, परावर्तक लावलेले. पाणी उतरत असताना पुलाची कड कुठं आहे ते त्यांच्यावरूनच कळतं. पूरमापन पट्टी पुलाच्या दोन्ही टोकांना, शून्य म्हणजे पुलाचा पृष्ठभाग, आकडे लांबून वाचता येतील इतके मोठे. पट्टी नदीच्या तळापासून मोजलेली असेल तर माणसाला पुलावर किती पाणी आहे ते कळत नाही. बंद करायचं फाटक पुलाजवळ नको, मागच्या शेवटच्या फाट्यावर पाहिजे, जिथून गाडी वळवता येते. पुलाच्या तोंडाशी फाटक लावलं की अडकलेला ट्रॅक्टर मागं घेता येत नाही, म्हणून माणूस पुढं घालतो.

पाणी उतरल्यावर लगेच वाहतूक सोडायची नाही. आधी पुलाची दोन्ही टोकं बघा. पूल क्वचित जातो, जातो तो पुलाला लागून असलेला भराव. डांबर वरून अखंड असतं आणि खाली पोकळ. पहारीनं दर मीटरला ठोकत जा, आवाज बद्द आला की तिथं खाली माती नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर ही पहारीची तपासणी किती गरजेची आहे ते काठावरच्या प्रत्येक गावाला कळलंय. मग स्लॅबवरचा गाळ, पाणी निघायची भोकं मोकळी, खांबांच्या पायथ्याशी किती खणलं ते काठीनं मोजून लिहा. गेल्या वर्षीचं माप शेजारी असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

आणि पुराची खूण पुसू नका. दिवाळीआधी रंग मारताना पुलावरची, भिंतीवरची गाळाची रेघ पुसली जाते. आधी ती मोजून, तारखेसह वहीत घ्या.

जमाखर्च

ऊसवाहतुकीबद्दल एक भर घालते. भरलेल्या ट्रॉलीला बाजू देताना दुसरी गाडी साईडपट्टीवर उतरते. डांबराची कड आणि साईडपट्टी यात ५० मि.मी.पेक्षा जास्त पायरी पडली की दुचाकी वर चढताना घसरते, आणि कड तुटायला तिथूनच सुरुवात होते. साईडपट्टीचा मुरूम गळीत हंगामाच्या आधी, ऑक्टोबरात भरला पाहिजे. मार्चअखेर बिल काढायला भरलेला मुरूम पहिल्या वळवानं गटारात जातो आणि गटारही बुजवतो. मुरूम भरताना बाहेरचा उतार ठेवा, रस्त्याच्या उतारापेक्षा थोडा जास्त. साईडपट्टी उंच राहिली की पाणी डांबरावर तुंबतं.

आता आयुष्यभराचा खर्च. आकडे फक्त समजुतीसाठी घेते. समजा साधा फलक १०० रुपयांना, चार वर्षं टिकतो. प्रिझमॅटिक १६० ला, दहा वर्षं. लावायला गाडी, मजूर, काँक्रीट मिळून दर वेळी ४०. वीस वर्षांत साधा पाच वेळा लावावा लागेल, १४० पाचदा म्हणजे ७००. प्रिझमॅटिक दोनदा, २०० दोनदा म्हणजे ४००. टेंडर बघणाऱ्याला १०० आणि १६० एवढंच दिसतं. शिवाय साधा फलक चौथ्या वर्षी बदलेल हे गृहीत धरलंय. प्रत्यक्षात तो मेलेल्या अवस्थेत उभा राहतो, त्या काळाची किंमत अपघातात मोजली जाते. हाच हिशेब मोरीला उलटा लागतो: तिथं वस्तू बदलणं महाग, निगा स्वस्त. म्हणून फलकाला पैसा खरेदीच्या वेळी जास्त घाला आणि मोरीला दरवर्षी थोडा थोडा.

कुठलं काम आधी, हे 'सगळ्यात वाईट ते आधी' असं ठरवू नका. प्रत्येक वस्तूला स्थितीचे १ ते ५ गुण द्या, ५ म्हणजे सगळ्यात खराब. आणि ती गेली तर काय होईल याचे १ ते ३. गुणाकार करा. किलोमीटरचा दगड तुटलेला असला तरी ५ गुणिले १, म्हणजे ५. शाळेच्या बसच्या एकमेव रस्त्यावरची सांधा उघडलेली मोरी ३ गुणिले ३, म्हणजे ९. मोरी आधी.

दायित्व काळाची (दुरुस्ती ठेकेदाराकडेच असते त्या काळाची) तारीख वहीत लाल शाईनं लिहा. पंतप्रधान ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांना बांधकामानंतर पाच वर्षांची देखभाल करारातच असते, आणि त्यात मोऱ्या, गटारं, साईडपट्ट्या, फलक सगळं येतं. लोक फक्त खड्ड्यांची तक्रार करतात. पाचवं वर्ष संपायच्या आधीचा ऑक्टोबर चुकवू नका. त्या फेरीत सापडलेली प्रत्येक गोष्ट करारात बसते, नंतर सापडलेली पंचायतीच्या गळ्यात.

मोरीमास्तर

ताईंचा हिशेब चोख. एक गोष्ट जोडतो, जी मोठ्या कामात हमखास बिघडते. डांबराचा नवा थर टाकताना बाजूच्या वस्तू आपोआप खाली जातात. क्रॅश बॅरियरच्या पट्टीची वरची कड रस्त्यापासून साधारण ७०० मि.मी. वर असते. ५० मि.मी.चे दोन थर पडले की ती ६०० वर आली, आणि उंच गाडी तिला अडायच्या ऐवजी तिच्यावरून कलंडते. कठड्याचंही तेच. जुन्या स्लॅबच्या मोरीवर ५० मि.मी. डांबर म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ११५ किलो कायमचं ओझं. मोरीवर जुना थर खरवडूनच नवा टाकायचा, ही अट एस्टिमेटमध्येच लिहून घ्या.

बॅरियर बसवताना: खांब १.८ मीटरचा, त्यातला १.१ मीटर जमिनीत, दर दोन मीटरला एक. घाटात खडक लागला की खांब कापून बसवतात. ते बाहेरून कळत नाही, म्हणून ठोकण्याआधी प्रत्येक खांबावर जमिनीच्या पातळीची रंगाची खूण करून घ्या. जोडावर गाडी जिकडून येते तिकडची पट्टी वर, पुढची तिच्या खाली. उलटी आली तर पट्टीचं टोक गाडीत घुसतं. जस्ताचा थर चौरस मीटरला ५५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ७७ मायक्रॉन, छोट्या यंत्रानं जागेवर मोजता येतो. धडकलेली पट्टी ठोकून सरळ करून परत लावू नका. वाकताना जस्त तडकतं आणि धातूची ताकद गेलेली असते.

कामांचा क्रम कायम हाच: आधी मोरी आणि गटार, मग डांबर, मग साईडपट्टी, मग फलक आणि बॅरियर, सगळ्यात शेवटी पट्टे. नळयोजनेची किंवा केबलची चर साईडपट्टीतून जाणार असेल तर ती या सगळ्याच्या आधी.

पंचायत_खानापूर

सगळं पटलं. पण आमच्याकडं इंजिनिअर नाही, चौदा किलोमीटर गावरस्ते, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) एकच आणि कामं शंभर. सुरुवात कशी करायची? आणि कुठला रस्ता पंचायतीचा, कुठला जिल्हा पंचायतीचा, यातच महिने जातात.

खडीमुरूम

मालकी आधी ठरवायला बसू नका, आधी मोजा. मालकीचा रकाना रिकामा ठेवा, तो कार्यालयात जाऊन भरता येतो. ढोबळ मानानं राज्यमार्ग आणि जिल्हा मुख्य मार्ग पीडब्ल्यूडीकडे, गावांना जोडणारे रस्ते जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी विभागाकडे, गावठाणातले ग्रामपंचायतीकडे. अडलंच तर माहिती अधिकारात रस्त्याच्या नोंदवहीची प्रत मागा.

दोन माणसं, एक मोबाइल, एक टेप, एक बॅटरी, एक विळा. दिवसाला पाच किलोमीटर चालून होतात, म्हणजे चौदा किलोमीटरला तीन दिवस. ऑक्टोबर अखेरीस निघा: पाण्यानं काय केलं ते ताजं असतं, गवत अजून कापायचं असतं पण तोंडं दिसतात. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश फोटोवर छापणारं अॅप चालू ठेवा. प्रत्येक मोरीचे चार फोटो: वरचं तोंड, खालचं तोंड, पाईपाच्या आत, आणि वर रस्ता. चौथा फोटो लोक विसरतात.

वहीतली एक ओळ अशी दिसावी (साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, ४/३६० म्हणजे ४ किलोमीटर ३६० मीटर):

साखळी ४/३६०. ह्यूम पाईप मोरी, १००० मि.मी., एक ओळ, तीन पाईप. हेडवॉल जांभा. पाणी डावीकडून उजवीकडे. गाळ वरच्या तोंडाशी २५० मि.मी. खालच्या एप्रनखाली पोकळी, हात कोपरापर्यंत जातो. दुसरा सांधा ओला. वर रस्त्यावर आडवी खोलगट पट्टी, २० मि.मी. स्थिती ४, परिणाम ३, गुण १२. करायचं: एप्रन, पडदी, सांधा. बांधकामाचं वर्ष: विचारायचं. बघितलं: तारीख, दोघांच्या सह्या.

'खराब', 'बरी', 'ठीक' असे शब्द नकोत. 'हात कोपरापर्यंत जातो' हे पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला तपासून बघता येतं. दुरुस्ती झाली की जुनी ओळ खोडू नका, खाली नवी लिहा. आधी काय होतं, कधी काय केलं आणि ते किती टिकलं, हे तीन एकाखाली एक आले की पुढच्या एस्टिमेटला पुरावा वहीतच असतो.

पंचायत_खानापूर

साखळी नंबर मोरीवर कुठं लिहायचा? आणि गाळाची ती तिसऱ्या हिश्श्याची रेघ दरवेळी मोजायची का?

मोरीमास्तर

नंबर हेडवॉलच्या रस्त्याकडच्या तोंडावर, दोन्ही बाजूंना, पांढऱ्यावर काळा, बोटभर नव्हे तर वीतभर उंच, म्हणजे चालत्या गाडीतून वाचता येतो. रेघ दरवेळी मोजू नका. पाईप कोरडा असताना वरच्या तोंडाच्या आत, तळापासून तिसऱ्या हिश्श्यावर, लाल ऑइल पेंटनं आडवी पट्टी एकदाच मारून ठेवा. १००० च्या पाईपाला ती ३३० मि.मी. वर येईल. वरून वाकून बघितलं आणि पट्टी दिसली नाही, तर फावडं घेऊन यायचं.